हिरडा, गूळ, लोखंड

मे महिन्यात विद्यापीठात माणसांपेक्षा मोर जास्त.
परीक्षा सरलेल्या, होस्टेलं ओस,
आणि रसायनशास्त्राच्या लॅबच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
बावीस वर्षं मी परिचर आहे इथं.
त्याआधी, पोरवयात, ह्याच कंपाउंडची भिंत चढायचो
चिंचांसाठी.
एकदा वॉचमननं माझी चप्पल ठेवून घेतली. एकच.
उरलेली एक घेऊन घरी काय सांगायचं,
हा मला पडलेला पहिला कठीण प्रश्न.

यंदा मिरजकर मॅडम म्हणाल्या, दत्तूमामा,
भिंतीपलीकडची पोरं बोलवूया. महिनाभर.
बॅनर आला. उन्हाळी विज्ञान शिबिर, सकाळी अकरा.
पहिल्या दिवशी एक्केचाळीस.
पडद्यावर अणू फिरला, डोक्यावर पंखा फिरला,
पोह्यांचं पातेलं खरवडून झालं.
चौथ्या दिवशी सात.

मॅडमनी विचारलं, चुकलं कुठं?
मी काय शिकलेला माणूस न्हवे, पण एवढं उत्तर पाठ होतं:
अकराला पोरगं गॅरेजात असतंय, मॅडम.
सुट्टी शाळेला लागती. पोटाला न्हाई.

मग साडेपाच.
बॅनरवर नव्या वेळेचा कागद मीच डकवला, जरा वाकडा.
ऊन उतरल्यावर तेवीस जण आले.
तन्वीर शिकलगार शिरोलीच्या फौंड्रीतनं थेट,
भुवयांत काळी वाळू.
दोघी बहिणी धाकट्या भावाला काखेत मारून.
तो भाऊ महिनाभर टेबलाखाली झोपला,
हजेरी त्याचीही लावली आम्ही.

पडदा मॅडमनी गुंडाळून ठेवला.
म्हणाल्या, घरात काय काय शिजतं, भिजतं, कुजतं, ते सांगा.
कुणी बोलेना.
मग शेवटच्या बाकावरनं, सुभाषनगरची,
शिवांजली सातपुते:
आमचा आजा कातडं काळं करायचा.
डबा न्हाई, पावडर न्हाई.
हिरड्याच्या पाण्यात भिजवायचं,
वरनं लोखंडाचं पाणी.
लोखंडाचं पाणी?
व्हय. गुळात मुरवायचं लोखंड. पंधरा दिस.

मॅडमनी खडू खाली ठेवला.
बावीस वर्षांत मी त्यांना असं
वहीत लिहून घेताना बघितलं न्हवतं.

तन्वीरनं खिशातनं लोखंडाचा कीस आणला,
मी बाजारातनं गुळाची काळी ढेप, स्वस्तातली,
आणि मडकं ठेवलं खिडकीबाहेर.
आठव्या दिवशी विभागप्रमुखांनी नाकाला रुमाल लावला:
हे काय मेलंय इथं?
शिवांजली म्हणाली, मेलं न्हाई सर, मुरतंय.

तेवढ्या पंधरवड्यात पोरांनी
नळाचं पाणी तपासलं, बोअरचं तपासलं,
रंकाळ्याची बाटली उघडल्यावर सगळी मागं सरकली.
मॅडमनी फळ्यावर टॅनिन लिहिलं.
सातपुत्यांच्या पोरीनं खाली लिहिलं, हिरडा.
दोन्ही शब्द कुणी पुसले न्हाईत.

सोळाव्या दिवशी मडकं गाळलं.
एका चंचुपात्रात आज्याचं पाणी,
दुसऱ्यात गूळ आणि फौंड्री.
ओतलं.
धुरकट करडं काहीतरी झालं.
तन्वीर म्हणाला, हात्तिच्या.
तरी काड्या बुडवून त्यांनी हजेरीवहीत सह्या केल्या,
फिकट, चहाच्या डागासारख्या,
आणि मला म्हणाले, मामा, तुमची पण.
त्या वहीत माझं नाव कधी न्हवतं.
वही उघडून ठेवणं, एवढंच माझं काम.

सकाळी कुलूप काढलं, वही उघडली.
रात्रभर हवा लागून
चोवीसच्या चोवीस सह्या काळ्याकुट्ट.
छापल्यागत.
मी वही मिटली, परत उघडली.
मॅडम येईपर्यंत पाच-सहा वेळा तरी.

आता निधीवाल्यांचा फॉर्म आलाय.
शिबिराची फलनिष्पत्ती, तीन ओळींत.
मॅडम रात्री नऊपर्यंत पेन धरून बसल्या होत्या,
मी किल्ल्या घेऊन दारात.
बोटावरचा डाग साबणानं जात न्हाई.
बायको म्हणती, घासा. मी घासत न्हाई.

मडकं अजून खिडकीबाहेर आहे.
जूनमध्ये कॉलेजची पोरं येतील, नाक मुरडतील,
विचारतील, कसला वास हा?
मी सांगणार न्हाई.
म्हणणार, साडेपाचला या.